सर्व्हे नंबर ४१/२अ/३, प्लॉट ७

महापालिकेच्या करबिलावर वडिलांचं नाव
'मोहर गणपत कुदळे' असं येतं.
मनोहरमधला न गळालाय.
अकरा वर्षं आम्ही मुकाट कर भरतोय
कुणा मोहराच्या नावे.

भूमापन कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
गव्हाणे बाई डबा खात होत्या.
झाकणात लिंबाचं लोणचं, शेजारी भिंग.
"बिलावरचा नंबर घराला चिकटलेला," त्या म्हणाल्या,
"तो इथे चालायचा नाही. जमिनीचा सांगा."
मी सांगितला :
धायरी, एक्केचाळीस छेद दोन अ छेद तीन, प्लॉट सात.
"असा पाठ म्हणू नका. उजवीकडून वाचा.
घरातून रानाकडे."

मग हात धुऊन, पदराला पुसून
त्यांनी नकाशा उलगडला,
मागे कापड लावलेला, घड्यांवर विरलेला,
आणि करंगळीनं चालू लागल्या.

सात म्हणजे तुम्ही.
तीन म्हणजे ज्यानं प्लॉट पाडले तो.
रस्ता बारा फुटी दाखवला, ठेवला नऊ.
अ म्हणजे बहीण.
सगळ्यांनी सांगूनही तिनं हक्कसोड केली नाही,
म्हणून तिला एक अक्षर मिळालं.
दोन म्हणजे धाकटी पाती.
"आणि एक्केचाळीस?"
"एक्केचाळीस म्हणजे नुसतं रान.
साखळी ओढत कुणीतरी उन्हातून गेलंय,
कोपऱ्यांवर दगड पुरलेत.
तेव्हा भांडणं नसतील असं नाही,
पण त्यांना अजून नंबर पडले नव्हते."

भिंग माझ्या हातात दिलं त्यांनी.
आमचा चौकोन माझ्या नखाएवढा.
चौथी रेघ किंचित वाकडी,
तिथे शेजाऱ्यांचा शेवगा आहे, तो नकाशात नाही.
वडिलांनी बाहेरून काढलेला जिनाही नाही.
ओव्हरटाइमच्या पैशांचा जिना,
चौदा पायऱ्या, शेवटची बुटकी.
करबिलात मात्र तो आहे,
चौरस फुटांसकट.

दोन बोटं पलीकडे एक बारीक वर्तुळ.
"विहीर," बाई म्हणाल्या.
मी मनात गल्ली चालत गेले :
शिंपी, सायकलवाला, मग पिठाची गिरणी.
म्हणजे गिरणीच.
गिरणीवाला वर्षाआड फरशी घालतो
आणि दर वर्षाआड ती खचते.

"मला माझं नाव लावायचंय," मी शेवटी म्हणाले.
"ते तलाठ्याकडे. पण क्रम ऐकून जा.
सातबाऱ्यावरही मोहरच आहे, बिल तिथूनच उतरलंय.
आधी दुरुस्ती करा, मोहरचा मनोहर.
मग मनोहर मयत दाखवा, मग वारस."
"थेट नाही होणार?"
"मोहर वारल्याचा दाखला आहे तुमच्याकडे?
नाही ना.
मग जो गेला त्याला आधी कागदावर आणायला हवा."

डब्याचं झाकण लावता लावता
त्या थोड्या हळू बोलल्या,
"खोडत नाहीत हो नाव. कंस करतात.
वाचता येतं नंतरही."

जिन्यात बसून मी अर्ज लिहिला.
नावाच्या रकान्यात म काढला,
मग नो,
आणि हात थांबला.
वडील सही करताना नो-ची मात्रा
इतकी लांब ओढायचे
की ती आडनावावर सावली धरायची.
मी साधी मात्रा दिली.
रकाना लहान होता.

दुरुस्तीला तीन महिने, कदाचित सहा.
मे संपायला नऊ दिवस,
मग सवलत जाणार.
बिल भरून टाकलं,
आणखी एकदा, मोहराच्या नावे.

परतताना गिरणीपाशी चपला काढल्या.
ज्वारी दळून घ्यायला उभ्या असलेल्या बाईनं
माझ्याकडे वळून पाहिलं.
उंबऱ्याच्या आतली तिसरी फरशी,
तिच्यावर हलकेच भार दिला.
हलली.